मर्यादा ओलांडल्यास

संगणक केंद्रात तिला खऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. कामावर लागल्याच्या पहिल्याच आठवड्यात तिनं मशीनच्या खोलीबाहेरची पाटी वाचली, ‘या खोलित पाणी नेऊ नये’, पर्समधून पेन काढलं आणि ‘खोलित’ची पहिली वेलांटी दुसरी केली. खोली सांभाळणाऱ्या किल्लेदारानं ते पाहिलं, आणि दुपारच्या चहापर्यंत मजलाभर तिचं नाव ‘वेलांटी’ झालं. किल्लेदार हेसुद्धा टोपणनावच. सगळ्या किल्ल्या आणि सगळे पासवर्ड त्याच्या ताब्यात होते, आणि खोली इतकी गार की भर उन्हाळ्यात तो स्वेटर घालून बसायचा.

वेलांटीचं काम पानं लिहिण्याचं. शहरातल्या निरनिराळ्या संस्थांचे संशोधक आपलं काम केंद्राच्या सर्व्हरवर ठेवायचे, आणि ते कसं ठेवायचं, कसं काढायचं, अडलं तर काय करायचं, हे सांगणारी पानं केंद्राच्या साइटवर असायची. आधीची पानं ज्याला सगळं येतं त्यानं ज्याला सगळं येतं त्याच्यासाठी लिहिलेली. वेलांटीनं तीन वर्षांत त्यातली निम्मी माणसात आणली होती. हे काम तिच्या रक्तातच होतं म्हणा ना. तिच्या वडिलांनी छापखान्यात चाळीस वर्षं प्रूफं तपासली होती. आता त्यांची नजर गेली होती, फक्त उजेड आणि सावली कळायची. ते तिच्याकडेच राहत. ऑफिसातून आल्यावर ती आपलं नवं पान त्यांना वाचून दाखवी आणि ते डोळे मिटून ऐकत. चूक आली की खुर्चीच्या हातावर बोटानं टकटक करत.

त्या वर्षी सर्व्हरची डिस्क भरत आली आणि केंद्रानं प्रत्येकाला कोटा लावला. ज्याची त्याची जागा ठरलेली. कोट्याचं पान होतं चार ओळींचं, आणि त्यातल्या दोन ओळी कुणालाच कळत नव्हत्या. तक्रारी आल्या. विभागप्रमुखांनी वेलांटीला बोलावून घेतलं.

“बाई, ते कोट्याचं पान जरा सुधारा. लोक डोकं खातायत.”

ती सरळ किल्लेदाराकडे गेली. “मला समजावून सांगू नका,” ती म्हणाली. “मला करून दाखवा. मी अडाणी आहे असं समजा.”

किल्लेदारानं तिला एक खोटं खातं उघडून दिलं. मर्यादा दोन असतात, त्यानं सांगितलं. एक इशाऱ्याची आणि एक पक्की. पक्की ओलांडताच येत नाही. इशाऱ्याची ओलांडता येते, मग मेल जाते आणि सात दिवसांची सवलत मिळते. तेवढ्यात पसारा आवरला तर ठीक. नाही आवरला तर आठव्या दिवसापासून इशाऱ्याची मर्यादाच पक्की होते.

वेलांटीनं खोट्या खात्यात खोटा पसारा भरला. इशाऱ्याची मर्यादा ओलांडली. मेल आली. ती सात दिवस थांबली. आठव्या दिवशी तिनं त्या खात्यातली एक छोटीशी फाइल उघडली, खाली एक ओळ वाढवली आणि सेव्ह केली. ‘अडचण आली’ असा निरोप आला. तिनं फाइल कुठं आहे ते पाहिलं. फाइल जागच्या जागी होती. आकार शून्य.

“किल्लेदार, नवी ओळ गेली ते समजलं. पण जुनं कुठं गेलं?”

“गेलं,” किल्लेदार म्हणाला. “सेव्ह करताना प्रोग्राम आधी जुनी फाइल रिकामी करतो, मग नवी लिहायला घेतो. रिकामी करायला कोटा आडवा येत नाही, ताई. लिहायला येतो.”

“आणि हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“आम्हाला सगळ्यांनाच ठाऊक असतं.”

“मग पानावर का नाही?”

त्यानं स्वेटरच्या बाह्या खाली ओढल्या. “कुणी विचारलं नाही.”

पुढचे चार दिवस वेलांटी त्याच्या डोक्यावर बसली. फाइल रिकामी होते, पण पडद्यावरची प्रोग्रामची खिडकी उघडी असेपर्यंत सगळा मजकूर त्या खिडकीत शाबूत असतो, हे तिनं शोधून काढलं. तेवढ्यात तो दुसरीकडे, पेनड्राइव्हवर किंवा मेलमध्ये कुठंही उतरवला की सुटलो. खिडकी बंद केली की संपलं. तिनं ते पानावर लिहिलं, ठळक अक्षरात: ‘सवलतीचे सात दिवस उलटून गेले असतील तर जुन्या फाइलवर सेव्ह करू नका. तुमची फाइल पुसली जाईल. चुकून केलंच आणि अडचणीचा निरोप आला, तर खिडकी बंद करू नका. मजकूर आधी दुसरीकडे उतरवा आणि आम्हाला फोन करा.’ खाली फोन नंबर.

घरी तिनं ते वाचून दाखवलं तेव्हा बाबांचं बोट एकदाही वाजलं नाही. “हे कुणाच्या तरी उपयोगी पडेल,” ते म्हणाले. बाबांच्या तोंडून एवढं म्हणजे खूप झालं.

प्रमुखांनी मात्र लाल पेन उघडलं.

“‘तुमची फाइल पुसली जाईल!’ बाई, हे वाचल्यावर कोण ठेवेल आपल्याकडे फाइल? केंद्रानं हे स्वतःच्या तोंडानं सांगायचं?”

“पण पुसली जाते, साहेब. मी करून पाहिलंय.”

“एखाद्या वेळी जात असेल.” त्यांनी सगळा ठळक मजकूर आडव्या रेघेनं काढून टाकला आणि समासात आपल्या अक्षरात लिहिलं: ‘काही वेळा सेव्ह करताना अडचण येऊ शकते. तसे झाल्यास प्रोग्राम बंद करून पुन्हा सुरू करावा.’

“साहेब, बंद केला तर उरलंसुरलंही जाईल. नेमकं तेच करायचं नाहीये.”

“निम्म्या अडचणी बंद करून चालू केल्यावर सुटतात. आणि पान लांबलंय. आटोपशीर करा.”

ती तीनदा त्यांच्या खोलीत गेली. तिसऱ्यांदा त्यांनी मान वर न करताच हात केला, जा म्हणून. मग तिनं त्यांचं वाक्य टाइप केलं. पानाच्या तळाशी नेहमीप्रमाणे ‘लेखन’ आणि पुढं तिचं नाव आलं. लाल रेघांचा कागद तिनं टेबलाच्या खणात ठेवला.

त्या संध्याकाळी बाबांचं बोट वाजलं. “‘काही वेळा’ म्हणजे किती वेळा?”

“ते साहेबांनी घातलंय, बाबा.”

“खाली नाव कुणाचं आहे?”

“माझं.”

बाबांनी आणखी काही विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

चार महिन्यांनी एक वयस्कर बाई तिला शोधत तिच्या टेबलापाशी आल्या. त्या कानाच्या डॉक्टर. इस्पितळातून निवृत्त झाल्या होत्या, पण काम सोडलं नव्हतं. शहराबाहेरच्या कापड गिरणीत मागावर काम करणाऱ्या दोनशे माणसांचे कान त्या दर वर्षी तपासत आल्या होत्या, सलग अकरा वर्षं. कुणाला किती बारीक आवाज ऐकू येतो, दर वर्षी त्यातलं किती कमी होतं, याचा एक भलामोठा तक्ता त्यांनी केला होता. मागांना आवाज दाबणारी आवरणं बसवा असं गिरणीला सांगायचं तर हातात पुरावा हवा, आणि पुरावा म्हणजे तो तक्ता. कामगारांची माहिती घरच्या संगणकावर ठेवायची नाही असा नियम असल्यामुळे तो केंद्राच्या सर्व्हरवरच होता.

“मी मुद्दाम आले,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “तुमच्या साइटवरचं ते कोट्याचं पान आहे ना, ते मला समजलं. इथलं आतापर्यंत मला समजलेलं ते पहिलं पान. छापून भिंतीला लावलंय मी.”

वेलांटीला वाटलं, आत्ताच सांगावं. बसा म्हणावं, खणातला कागद काढावा, हे पण भिंतीला लावा म्हणावं. तोंड उघडलंही होतं. पण प्रमुख तेव्हाच मागून चालले होते, आणि कौतुक ऐकून थांबले. “आमच्या बाई फार मन लावून लिहितात,” ते म्हणाले. वेलांटी हसली. डॉक्टरीणबाई गेल्या. उद्या फोन करू, असं तिनं ठरवलं, आणि दुसऱ्या दिवशी दुसऱ्या पानाचं काम आलं, ते राहूनच गेलं.

त्यानंतर डॉक्टरीणबाई लेकीच्या बाळंतपणाला दहा दिवस परगावी गेल्या. इकडे त्यांचा मदतनीस गिरणीतल्या आवाजाची रेकॉर्डिंगं त्यांच्या खात्यात चढवत होता, आणि रेकॉर्डिंगांनी इशाऱ्याची मर्यादा पार केली. मेल गेली ती त्यांच्या इस्पितळाच्या जुन्या पत्त्यावर. निवृत्तीनंतर तो पत्ता बंद झालेला. सवलतीचे सात दिवस कुणाला न कळताच उलटले. शुक्रवारी संध्याकाळी त्या परतल्या, तक्ता उघडला, शेवटच्या तपासणीचे चार आकडे दुरुस्त केले आणि सेव्ह केलं. अडचण आली. त्यांनी भिंतीवरचं पान वाचलं. पानावर लिहिल्याप्रमाणे प्रोग्राम बंद केला आणि पुन्हा सुरू केला.

सोमवारी सकाळी दार उघडायच्या आधीच त्या केंद्राच्या पायरीवर उभ्या होत्या. त्यांच्या हातात ते छापलेलं पान होतं, चिकटपट्टीसकट. त्यांनी खालचं नाव वाचून वेलांटीलाच बाहेर बोलावलं.

“मी यात लिहिलंय तसंच केलं,” त्या म्हणाल्या. आवाज अजून शांत होता. “आता तक्ता रिकामा दिसतोय. तो कुठून परत आणायचा ते सांगा.”

वेलांटी त्यांना घेऊन किल्लेदाराकडे गेली. किल्लेदारानं केंद्राकडची प्रत उघडून पाहिली. सगळ्या सर्व्हरची प्रत दर शनिवारी निघायची, जुन्या प्रतीवरच नवी. या शनिवारी रिकाम्या तक्त्याची प्रत निघाली होती.

“म्हणजे?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“म्हणजे नाही,” किल्लेदार म्हणाला.

“अकरा वर्षं आहेत ती.”

किल्लेदारानं वेलांटीकडे पाहिलं. वेलांटीनं जमिनीकडे.

डॉक्टरीणबाईंनी तक्रार केली आणि चौकशी बसली. तीन माणसं, लांब टेबल, पाण्याचे ग्लास. त्या दिवशी सकाळी प्रमुख वेलांटीच्या टेबलापाशी आले आणि अगदी मायेनं म्हणाले, “पानं लिहायचं काम बाहेरच्या लोकांकडून करून घ्यावं असं वरती चाललंय. मी अजून तरी अडवून धरलंय. तुमचे वडील तुमच्याचकडे असतात ना?”

लाल रेघांचा कागद तिनं खणातून काढून पर्समध्ये ठेवला होता. चौकशीच्या खोलीत पर्स तिच्या मांडीवर होती. प्रमुखांनी पानावरचं वाक्य वाचून दाखवलं. “‘अडचण येऊ शकते’ असं इथं स्वच्छ लिहिलेलं आहे. शिवाय पत्ता बदलल्याचं डॉक्टरीणबाईंनी केंद्राला कळवलं नव्हतं. वापरणाऱ्यानं वाचायचंच नाही म्हटल्यावर आम्ही काय करणार?”

“मी वाचलं होतं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “वाचलं म्हणून तर गेलं.”

चौकशीचे अध्यक्ष वेलांटीकडे वळले. “हे पान तुम्ही लिहिलंत?”

“हो.”

“लिहिताना यात काही राहून गेलं, असं तुम्हाला वाटलं होतं का?”

पर्सची चेन तिच्या बोटांत होती. डॉक्टरीणबाई तिच्याकडे बघत होत्या, रागानं नव्हे, वाट बघत. आता ही बाई सांगेल, असं त्यांच्या तोंडावर अगदी स्पष्ट दिसत होतं.

“पान रीतसर मंजूर झालेलं आहे,” वेलांटी म्हणाली.

डॉक्टरीणबाईंनी नजर काढून घेतली आणि खोलीतून जाईपर्यंत पुन्हा तिच्याकडे पाहिलं नाही.

घरी बाबा वाट बघत बसले होते. “बोललीस का?”

“त्यांनी तसं विचारलंच नाही, बाबा.”

आयुष्यात ती बाबांशी पहिल्यांदाच खोटं बोलली होती असं नाही. पण बाबांना ते कळलं आणि त्यांनी ते तिला कळू दिलं. त्यांनी बोट वाजवलं नाही. खुर्ची हातानं चाचपत वळवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले. त्यानंतर त्यांनी तिला एकही पान वाचायला सांगितलं नाही.

निकाल आला. चूक वापरणाऱ्याची. तरीसुद्धा पान अधिक स्पष्ट करावं, अशी एक शिफारस. प्रमुखांनी तो कागद तिच्यापुढं सरकवला. “बाई, तुमचं ते आधीचं होतं ना काहीतरी, ठळक-बिळक, ते घाला.” तिनं सगळं घातलं. तेच शब्द, तोच क्रम, तोच फोन नंबर. या वेळी त्यांनी एका कान्यालाही हात लावला नाही. वार्षिक सभेत त्याच पानाला उत्कृष्ट पान म्हणून गौरवलं. तिला व्यासपीठावर बोलावून फुलं दिली आणि प्रमुखांनी दोन शब्द सांगितले. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. किल्लेदार शेवटच्या रांगेत हातांची घडी घालून बसला होता. जिना उतरताना तो तिच्याजवळ आला. “मीही बोललो नाही, ताई. त्यामुळे मला तुम्हाला काही म्हणायचा हक्क नाही,” तो म्हणाला आणि भराभर खाली गेला. फुलं तिनं पायरीवरच ठेवली.

त्याच रविवारी ती डॉक्टरीणबाईंच्या घरी गेली. दार त्यांनीच उघडलं. वेलांटीनं काही न बोलता लाल रेघांचा कागद पुढं केला. डॉक्टरीणबाईंनी तो उंबऱ्यातच उभं राहून वाचला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, मग समासातलं अक्षर वाचलं, मग तारीख वाचली.

“चांगलं लिहिलंय,” त्या म्हणाल्या. “हा त्या दिवशी कुठं होता?”

“माझ्या पर्समध्ये.”

“मांडीवर होती ती?”

“हो.”

डॉक्टरीणबाईंनी कागदाची घडी घालून तो परत दिला. “मला वाटलं होतं, तुम्हाला माहीतच नसेल. न कळून झालं असेल. तसं असतं तर मी तुम्हाला आत घेतलं असतं, चहा केला असता.”

“पहिल्या सहा वर्षांचे कागद आहेत तुमच्याकडे, असं तुम्ही चौकशीत सांगितलंत,” वेलांटी म्हणाली. “मी ते भरून देते. दर रविवारी येईन.”

डॉक्टरीणबाईंचे डोळे थकलेले होते आणि दोनशे माणसांचे सहा वर्षांचे कागद एकटीनं भरायचे म्हणजे किती, हे त्यांना ठाऊक होतं.

“या,” त्या म्हणाल्या. “पण माझ्याशी बोलू नका. माफी मागू नका. मला ते जमणार नाही.”

तेव्हापासून दर रविवारी वेलांटी तिथं जाऊ लागली. मागच्या खोलीत खिडकीपाशी टेबल, टेबलावर कागदांचे गठ्ठे. प्रत्येक कागदावर एका माणसाचे दोन कान. ती आकडे भरायची, डॉक्टरीणबाई दुसऱ्या खुर्चीत बसून तपासायच्या. चहा यायचा, कप ठेवल्याचा आवाज व्हायचा, बस. काही माणसांची ओळख तिला आकड्यांवरूनच झाली. एकाचा डावा कान तिसऱ्या वर्षी एकदम उतरलेला. एकीचं सहाही वर्षं काही बिघडलेलं नाही, आणि तिचा कागद आला की वेलांटीला उगाच बरं वाटे. पुढच्या पाच वर्षांत तिचं काय झालं ते मात्र कुठंच नव्हतं. त्या वर्षांची तपासणी थेट यंत्रातून तक्त्यात जायची, कागद निघतच नव्हते. आणि पाच वर्षांपूर्वी एखाद्याला काय ऐकू येत होतं, ते आता कुठल्या यंत्रानं मोजणार?

तिसऱ्या महिन्यात, एका रविवारी दुपारी, गिरणीतला एक विणकर आला. उंच, वाकलेला, धुतलेला शर्ट घातलेला. मागावर तीस वर्षं झालेली. बाकीच्यांनी त्याला विचारायला पाठवलं होतं. तो खुर्चीच्या कडेवर बसला आणि ऐकू न येणारी माणसं बोलतात तसा फार मोठ्यानं बोलला, “डॉक्टरीणबाई, आपला अहवाल गेला का?”

डॉक्टरीणबाईंनी त्याच्या उजव्या कानाशी तोंड नेलं. “अहवाल नाही झाला. तक्ता गेला.”

“गेला? बरं झालं!” तो हसला. “मग आवरणं कधी बसणार?”

“गेला म्हणजे हरवला. पुसला गेला.”

तो मान डोलावत हसतच राहिला. डॉक्टरीणबाईंनी आणखी मोठ्यानं सांगून पाहिलं. मग त्यांचा आवाज फाटला. त्या सरळ झाल्या, आणि तीन महिन्यांत पहिल्यांदाच वेलांटीशी बोलल्या.

“लिहून दाखवा त्यांना. तुम्ही लिहिता ना.”

वेलांटीनं कोरा कागद घेतला. पाच वर्षांचे आकडे संगणकातून पुसले गेले, ते परत मिळणार नाहीत, त्यांच्याशिवाय गिरणी आपलं ऐकेल असं वाटत नाही, असं तिनं लिहिलं. मग थांबली, आणि खाली आणखी लिहिलं: पुसले जाऊ नयेत म्हणून काय करायचं ते मला माहीत होतं, मी ते यांना सांगितलं नाही. कागद तिनं विणकरापुढं धरला.

तो ओठ हलवत, एकेका शब्दावर बोट ठेवत सावकाश वाचत गेला. हसू मावळलं. शेवटच्या ओळीवर त्याचं बोट थांबलं, मागं गेलं आणि पुन्हा तिथंच आलं. मग त्यानं वेलांटीकडे पाहिलं, ही कोण असं बघावं तसं.

“आता पुन्हा तपासून नाही का चालणार?” त्यानं विचारलं.

तिनं ‘नाही’ असं लिहिलं. कारण लिहायला घेतलं, पण त्यानं हातानंच थांबवलं. त्याला कारण कळलं होतं.

तो उठला आणि डॉक्टरीणबाईंसमोर उभा राहिला. “तुम्ही मनाला लावून घेऊ नका,” तो घर दणाणेल एवढ्या आवाजात म्हणाला. “तुम्ही तरी दर वर्षी आलात.”

डॉक्टरीणबाई आत निघून गेल्या. स्वयंपाकघरातला नळ सुटल्याचा आवाज आला आणि तो बराच वेळ बंद झाला नाही. विणकराला तो ऐकू येत नव्हता. तो चपला घालून, दार अलगद ओढून घेऊन गेला. वेलांटी टेबलाशी बसली, गठ्ठ्यातला पुढचा कागद उचलला आणि आकडे भरू लागली.